गाडी लागण्यावर नाकातून औषध: स्कोपोलामाइनचा नेझल स्प्रे बसवताना

घाट सुरू झाल्यावर घेतलेली गोळी फारशी लागू पडत नाही, हे एसटीने कोकणात जाणाऱ्या कुणालाही माहीत असतं. कारण साधं आहे. मळमळ सुरू झाली की जठराची नेहमीची लय बिघडते आणि जठर रिकामं होणं मंदावतं. औषधाचं शोषण मुख्यतः लहान आतड्यात होतं आणि गोळी तिथवर पोचतच नाही. पोचायच्या आत उलटी झाली तर किती औषध पोटात राहिलं, याचा हिशेबही लागत नाही.

स्कोपोलामाइन, म्हणजेच हायोसिन, हे गाडी, बोट, विमान लागण्यावरचं सर्वांत जास्त अभ्यासलेलं औषध. त्याच्या बाबतीत पोटाचा रस्ता आणखीच वाईट, कारण रक्तात जायच्या आधीच त्याचा मोठा भाग नष्ट होतो. नासाच्या जॉन्सन स्पेस सेंटरमधल्या लक्ष्मी पुच्चा आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ०.४ मिलिग्रॅम मात्रा तोंडाने, नाकातून आणि शिरेतून देऊन तुलना केली. तोंडाने दिलेल्या औषधापैकी ३.७ टक्के रक्तात पोचलं, नाकातून दिलेल्यापैकी ८३ टक्के. नाकातून दिल्यावर रक्तातली सर्वोच्च पातळी सुमारे २२ मिनिटांत आली. कानामागे लावायची पट्टी उत्तम चालते, पण ती प्रवासाच्या निदान ४ तास आधी लावावी लागते आणि तिचा परिणाम ३ दिवस रेंगाळतो. तासा-दोन तासांच्या प्रवासासाठी ते जास्तच होतं.

नाकाचा रस्ता इतका सरळ दिसत असूनही उत्पादन बाजारात आणणं सोपं नाही. नासाने २०१२ मध्ये नाकातल्या स्कोपोलामाइनसाठी कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीशी करार केला. पुढे दुसऱ्या एका कंपनीने त्याच औषधाचा नाकातला जेल एफडीए या अमेरिकी औषध-नियामक संस्थेपुढे नेला, आणि २०२४ मध्ये पहिल्या फेरीत मंजुरी मिळाली नाही. औषध काम करतं की नाही एवढाच प्रश्न नसतो. ते रोज, प्रत्येक फवाऱ्यात, प्रत्येकाच्या नाकात सारखंच काम करतं का, हे दाखवायचं असतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

हा लेख एम. फार्म.च्या विद्यार्थ्यांसाठी आणि फॉर्म्युलेशन विभागात नव्याने रुजू झालेल्यांसाठी आहे. घरी करून बघायचं हे काम नाही. या औषधाची मात्रा मिलिग्रॅमच्या दशांशात मोजतात, म्हणजे एक ग्रॅम पावडरीत हजारो मात्रा असतात. वजन करताना हातमोजे, मास्क आणि चष्मा हवाच, आणि काट्याभोवती हवेचा झोत नको. हातमोज्याचं बोट चुकून डोळ्याला लागलं तरी त्या डोळ्याची बाहुली विस्फारते आणि जवळचं वाचता येईनासं होतं.

पायरी १: काय बनवायचं ते आधी कागदावर

बीकर हातात घेण्यापूर्वी एका पानावर उत्पादनाचं वर्णन लिहा. औषध मळमळ होऊ नये म्हणून द्यायचं, की सुरू झालेली मळमळ थांबवायला? ही दोन वेगळी उत्पादनं आहेत आणि त्यांच्या चाचण्याही वेगळ्या. स्कोपोलामाइन प्रतिबंधासाठी जास्त चांगलं आहे. म्हणून 'प्रवासाच्या अर्धा तास आधी, एका नाकपुडीत, प्रौढांसाठी, काही तासांचं संरक्षण' इथून सुरुवात करणं शहाणपणाचं. लहान मुलांना गाडी जास्त लागते हे खरं असलं, तरी या औषधाचे दुष्परिणामही त्यांना आणि वयस्कर माणसांना जास्त होतात. पहिलं उत्पादन त्यांच्यासाठी नको.

दुसरा निर्णय डब्याचा. अनेक मात्रांची बाटली स्वस्त पडते, पण तिला परिरक्षक (जंतू वाढू न देणारं द्रव्य) लागतो, वापरण्याआधी पंप भरून घ्यावा लागतो, आणि महिन्यातून एकदा वापरणाऱ्याच्या हातात पंप सुकलेला असतो. प्रवास करणारा माणूस औषध रोज वापरत नाही. म्हणून आमच्या मते या आजाराला एका मात्रेचं, एकदा दाबून टाकून द्यायचं यंत्र जास्त योग्य. ते आधी भरून घ्यावं लागत नाही, आडवं धरलं तरी चालतं, परिरक्षकाची गरज संपते, आणि चुकून चार-पाच फवारे मारून घेण्याची भीती राहत नाही. अंतराळात तर बुडनळीचा, म्हणजे बाटलीच्या तळाशी जाणाऱ्या नळीचा, पंप विश्वासाचा नाहीच, कारण वजनरहित अवस्थेत द्रव तळाशी थांबत नाही.

तरीही शिकताना सुरुवात बाटली आणि पंपापासून करा. पंप सहज मिळतात आणि चुका लवकर दिसतात.

पायरी २: योग्य क्षार, योग्य हिशेब

खरेदी करताना पहिला सापळा नावाचा. आपल्याकडे पोटदुखीवर सर्रास मिळतं ते हायोसिन ब्युटिलब्रोमाइड. त्याच्या रेणूवर कायमचा धनभार असतो, त्यामुळे ते मेंदूत शिरत नाही आणि गाडी लागण्यावर उपयोगी पडत नाही. तुम्हाला हवं आहे हायोसिन हायड्रोब्रोमाइड. ऑर्डर देताना पूर्ण नाव लिहा आणि आलेल्या मालाची ओळख-चाचणी केल्याशिवाय डबा उघडू नका.

दुसरा सापळा पाण्याचा. हायड्रोब्रोमाइड सहसा तीन रेणू पाण्यासह मिळतं. त्याचा रेणुभार ४३८.३, पाणी वगळून ३८४.३, आणि मूळ स्कोपोलामाइनचा ३०३.४. म्हणजे ०.२ मिलिग्रॅम ट्रायहायड्रेटमध्ये मूळ औषध ०.१३८ मिलिग्रॅमच असतं. लेबलवरची मात्रा क्षाराची, म्हणजे हायड्रोब्रोमाइडची, की मूळ औषधाची, हे पहिल्याच दिवशी ठरवून प्रत्येक वहीत तसंच लिहा. प्रमाणपत्रावरची शुद्धता 'निर्जल आधारावर' दिलेली असते, तेव्हा पाण्याची दुरुस्ती एकदाच करायची. ती विसरली किंवा दोनदा केली, तर साधारण १२ टक्क्यांची चूक होते आणि पुढची सगळी बॅच बाद ठरते.

एका नाकपुडीत १०० मायक्रोलिटर मावतात. १५०च्या पुढे गेलात तर द्रव पुढून गळतो किंवा घशात उतरतो. घशात उतरलेलं औषध पुन्हा पोटाच्याच रस्त्याला लागतं, म्हणजे जवळपास वाया. १०० मायक्रोलिटरमध्ये ०.२ मिलिग्रॅम हवं, तर तीव्रता दर मिलिलिटरला २ मिलिग्रॅम, म्हणजे ०.२ टक्के. औषध पाण्यात सहज विरघळतं, त्यामुळे विद्राव्यतेची अडचण इथे नाही.

पायरी ३: पीएचची ओढाताण

सगळ्या कामातला खरा पेच इथे आहे, म्हणून थोडं थांबू.

स्कोपोलामाइन हे एस्टर आहे. पाण्यात ते हळूहळू तुटतं आणि ट्रॉपिक आम्ल वेगळं होतं. शिवाय पाण्याचा रेणू गमावून ॲपोस्कोपोलामाइनही तयार होतं. हे तुटणं सर्वांत मंद असतं ते पीएच ३.५च्या आसपास. पीएच वाढवत गेलात की औषध कपाटातच मरू लागतं.

उलट, नाकाच्या पडद्यातून आरपार जातो तो भाररहित रेणू. या औषधाचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मे रेणू भाररहित असतात तो आकडा, सुमारे ७.६. पीएच ४.२ला भाररहित भाग फक्त ०.०४ टक्के असतो, ६.४ला ६ टक्के, आणि ७.६ला ५० टक्के. म्हणजे बाटलीला जो पीएच मानवतो, तो नाकाला मानवत नाही.

यातून सुटायची वाट बफरच्या, म्हणजे पीएच धरून ठेवणाऱ्या मिश्रणाच्या, ताकदीत आहे. नाकातला स्राव साधारण ५.५ ते ६.५ पीएचचा असतो. बाटलीत पीएच ४.० ते ४.५ ठेवा, पण बफर कमजोर ठेवा: १० मिलिमोलर सिट्रेट पुरेसं. मग फवारा पडल्यावर नाकाचा स्वतःचा स्राव पीएच वर ओढतो आणि शोषण सुरू होतं. नवखे लोक स्थिरता वाढवायला ५० किंवा १०० मिलिमोलर बफर घालतात. बाटली वर्षभर छान राहते, पण नाकात आम्लता टिकून राहते, चुरचुरतं आणि शोषण मंदावतं. चुरचुरलं की शिंक येते, पाणी सुटतं, आणि औषध बाहेर.

इथेच आणखी एक गोष्ट. अनेक प्रकल्पांत या औषधासाठी नॅनोकण, लायपोसोम किंवा शोषण वाढवणारी द्रव्यं घातलेली दिसतात. पेप्टाइडसारख्या मोठ्या रेणूंना त्यांची गरज असते. ३०३ रेणुभाराचं, पडद्यातून आपसूक जाणारं औषध हातात असताना ती कशासाठी? प्रत्येक जास्तीचा घटक म्हणजे नवी सुरक्षितता-चाचणी आणि फिल्टर तुंबायचं नवं कारण. तीच गोष्ट 'नाकातून थेट मेंदूत' या दाव्याची. हे औषध रक्तातून मेंदूत स्वतःच पोचतं, त्याला चोरवाट लागत नाही.

पायरी ४: पहिली चाचणी-बॅच, ५०० मिलिलिटर

हे अंतिम सूत्र नाही. बदल करत जाण्यासाठी एक सुरुवात आहे.

- हायोसिन हायड्रोब्रोमाइड ट्रायहायड्रेट: १.०० ग्रॅम
- एचपीएमसी (द्रव दाट करणारा पॉलिमर), ४००० श्यानतेच्या, म्हणजे दाटपणाच्या, श्रेणीचं: १.० ग्रॅम, म्हणजे ०.२ टक्के
- सायट्रिक ॲसिड मोनोहायड्रेट: १.०५ ग्रॅम
- डायसोडियम एडिटेट: ०.२५ ग्रॅम
- मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड: ४.० ग्रॅम
- बेन्झाल्कोनियम क्लोराइड (परिरक्षक), १० टक्के द्रावण: ०.५ मिलिलिटर
- १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड: पीएच ४.२ येईपर्यंत
- शुद्ध पाणी: ५०० मिलिलिटरपर्यंत

एचपीएमसी थंड पाण्यात एकदम टाकलं तर गुठळ्या होतात: बाहेरून चिकट, आतून कोरड्या. त्या नंतर कितीही ढवळा, फुटत नाहीत. म्हणून सुमारे १५० मिलिलिटर पाणी ८५ ते ९० अंशांपर्यंत तापवा आणि पावडर चाळत चाळत, ढवळत भुरभुरा. गरम पाण्यात ती विरघळत नाही, फक्त ओली होऊन पसरते. सगळे कण ओले झाले की १०० मिलिलिटर बर्फाइतकं थंड पाणी घाला आणि मंद ढवळत राहा. द्रव गढूळ असतो तो हळूहळू निवळतो. रात्रभर फ्रिजमध्ये झाकून ठेवा, म्हणजे पावडर पूर्ण फुगते आणि हवेचे बुडबुडेही वर येऊन निघून जातात. घाईत हा टप्पा गाळला की दुसऱ्या दिवशी मोजलेली श्यानता आणि आठवड्याने मोजलेली श्यानता जुळत नाही.

दुसऱ्या बीकरमध्ये १५० मिलिलिटर पाण्यात सायट्रिक ॲसिड, एडिटेट आणि मीठ विरघळवा. सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ४च्या जवळ आणा आणि मगच औषध घाला. उलट क्रमाने केलं, तर अल्कलीचा थेंब जिथे पडतो तिथे क्षणभर पीएच खूप चढतो आणि तेवढं औषध तुटतं. चाचणीत ते सुरुवातीच्याच दिवशी दिसणाऱ्या अशुद्धीच्या रूपाने समोर येतं आणि दोष पुरवठादाराच्या मालावर ढकलला जातो.

आता दोन्ही द्रावणं मिसळा. बेन्झाल्कोनियम शेवटी, मंद ढवळत, कारण त्याला साबणासारखा फेस येतो. फेस आला तर मापनपात्रात खूण दिसत नाही आणि आकारमान चुकतं. पीएच २५ अंशांवर ४.२ला आणा आणि पाण्याने ५०० करा. परासरता, म्हणजे विरघळलेल्या कणांची एकूण तीव्रता, मोजा. २८० ते ३१० मिलिऑस्मोल हवी. कमी असेल तर मीठ किंचित वाढवा, जास्त असेल तर पुढच्या बॅचमध्ये कमी करा.

गाळताना काळजी घ्या. बेन्झाल्कोनियम बऱ्याच फिल्टर-पटलांना चिकटतं, आणि पहिले काही मिलिलिटर बाहेर येतात त्यात परिरक्षक जवळजवळ नसतोच. पटल आधी द्रावणाने संपृक्त करा, सुरुवातीचा भाग टाकून द्या, आणि गाळण्याआधीचं व नंतरचं प्रमाण दोन्ही मोजा. परिरक्षकाचे विसंगत घटक दाखवणाऱ्या यादीत सिट्रेट आणि एचपीएमसी ही दोन्ही नावं आहेत. ती एकत्र असलेले डोळ्यांचे थेंब बाजारात वर्षानुवर्षं चालत आले आहेत हेही तितकंच खरं. त्यामुळे वाद घालण्यापेक्षा परिरक्षक-क्षमतेची चाचणी करा आणि तिचं ऐका. सोडियम सीएमसी किंवा जेलान गमसारखे ऋणभारित पॉलिमर घेणार असाल, तर मात्र ही चाचणी अगदी पहिल्या आठवड्यात लावा.

पायरी ५: पंप आणि फवारा

द्रावण उत्तम आणि पंप चुकीचा, तर उत्पादन चुकीचं. नाकाच्या पुढच्या दीड-दोन सेंटिमीटर भागात त्वचाच असते, तिथे शोषण होत नाही. त्यानंतरच्या अरुंद झडपेपलीकडे रक्तवाहिन्यांनी भरलेला पडदा आहे आणि औषध तिथे पडायला हवं. तिथे पडलं तरी वेळ थोडाच असतो. पडद्यावरचे सूक्ष्म केस स्राव सतत घशाकडे लोटत असतात आणि १५ ते २० मिनिटांत बराचसा भाग पुढे जातो. एचपीएमसी घातलं ते ही मुदत थोडी लांबवण्यासाठी.

पण एचपीएमसी वाढवलं की फवाऱ्याचा कोन मिटत जातो. ०.२ टक्क्याला छान पसरणारा फवारा ०.५च्या पुढे साध्या पंपातून पिचकारीच्या धारेसारखा निघू लागतो. धार एकाच ठिकाणी आदळते आणि गळून बाहेर येते. म्हणून ०.१, ०.२, ०.३ आणि ०.५ टक्के अशा चार बॅच करा, आणि श्यानता व फवारा दोन्ही एकाच तक्त्यात बघा.

मोजायच्या गोष्टी अशा. प्रत्येक फवाऱ्याचं वजन: १०० मायक्रोलिटरचा पंप असेल तर साधारण १०० मिलिग्रॅम. थेंबांचा आकार लेसर विवर्तनाने, नळीच्या टोकापासून दोन वेगवेगळ्या अंतरांवर. मधला आकार ४० ते ८० मायक्रॉन असावा, आणि १० मायक्रॉनपेक्षा बारीक थेंब जेमतेम असावेत, कारण ते श्वासाबरोबर फुप्फुसात जातात. फवाऱ्याचा आडवा ठसा आणि उभा कोन, हेही दोन अंतरांवर. हे सगळं यंत्राने दाबून मोजा. हाताने दाबलं की सकाळचा आकडा संध्याकाळी येत नाही.

मात्रेची एकसमानता अमेरिकी मार्गदर्शनानुसार तपासायची असेल, तर दहा नमुन्यांपैकी एकापेक्षा जास्त ८० ते १२० टक्क्यांच्या बाहेर नसावा, एकही ७५ ते १२५च्या बाहेर नको, आणि सरासरी ८५ ते ११५मध्ये हवी. बाटलीचे पहिले आणि शेवटचे, दोन्ही फवारे तपासा. पहिल्यात कमी भरत असेल, तर वापरण्याआधी मारायच्या फवाऱ्यांची संख्या वाढवा. शेवटच्यात कमी भरत असेल, तर बुडनळी तळापर्यंत पोचत नाही किंवा भरण्याचं प्रमाण कमी आहे. मधूनच एखादा कमी आला, तर पंपात बुडबुडा अडकला आहे. त्याचं मूळ बहुतेक वेळा पायरी ४मधल्या फेसात सापडतं.

पायरी ६: कपाटात ठेवून बघणं

नमुने ४० अंश आणि खोलीच्या तापमानाजवळच्या कपाटात लावा. प्लास्टिकची बाटली असेल तर एक बाब हमखास निसटते. दमट कपाटात बाटलीतलं पाणी उडत नाही, म्हणून सगळं ठीक दिसतं. प्लास्टिकमधून पाणी उडतं ते कोरड्या हवेत. म्हणून पाणीदार उत्पादनासाठी ४० अंश आणि २५ टक्क्यांपेक्षा कमी आर्द्रतेचं कपाटही हवं. तीन महिन्यांत ५ टक्के पाणी गेलं तर तो लक्षणीय बदल मानतात, कारण तेवढ्याच प्रमाणात प्रत्येक फवाऱ्यातली मात्रा वाढते.

एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, २१० नॅनोमीटरला औषध दिसतं. तिथेच बेन्झाल्कोनियमची दोन-तीन शिखरंही येतात, कारण ते वेगवेगळ्या लांबीच्या साखळ्यांचं मिश्रण आहे. पद्धत बसवताना औषध, ट्रॉपिक आम्ल, ॲपोस्कोपोलामाइन आणि बेन्झाल्कोनियम ही सगळी एकत्र टोचून ती वेगळी निघतात का ते बघा. नाहीतर तुटलेलं औषध परिरक्षकाच्या शिखराखाली लपून राहतं आणि स्थिरता खोटीच चांगली दिसते.

सूक्ष्मजीवांची मर्यादाही इथेच: दर मिलिलिटरला एकूण जिवाणू १००च्या आत, बुरशी १०च्या आत, आणि स्टॅफिलोकोकस ऑरियस व स्यूडोमोनास एरुजिनोसा अजिबात नकोत. बर्खोल्डेरिया सेपेशिया गटाचे जिवाणूही तपासा. ते पाण्याच्या यंत्रणेतून येतात आणि काही वेळा परिरक्षकालाही जुमानत नाहीत.

पायरी ७: पडदा आणि प्राणी

कत्तलखान्यातून मिळणारा शेळी-मेंढीच्या नाकाचा पडदा आपल्या कॉलेजांत सर्रास वापरतात, आणि तुलनेसाठी तो चांगला आहे. डोकं मिळाल्यापासून तास-दोन तासांत पडदा सोडवा, बर्फातल्या बफरमध्ये आणा, फ्रांझ सेलवर (पडद्याने दोन भाग केलेल्या काचेच्या पात्रावर) बसवा आणि तापमान ३४ अंशांच्या आसपास ठेवा, कारण नाक शरीराच्या आतल्या भागाइतकं गरम नसतं. सुरू करण्यापूर्वी पडदा अखंड आहे का, ते विद्युत-रोधाने किंवा न झिरपणाऱ्या रंगाने तपासा. फाटलेल्या पडद्यातून सगळीच सूत्रं भराभर जातात आणि मग प्रत्येक सूत्र यशस्वी वाटतं. ऊतक-तपासणीत एक तुकडा नुसत्या बफरमध्ये आणि एक आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ठेवा. पहिला निरोगी दिसला पाहिजे आणि दुसरा जळालेला, तरच सूत्रं लावलेल्या तुकड्यांवर विश्वास ठेवता येईल.

प्राणी निवडताना या औषधाच्या बाबतीत दोन खड्डे आहेत. सशांवर नाकाचे प्रयोग फार होतात, पण काही सशांच्या रक्तात ॲट्रोपिन-एस्टरेज नावाचं विकर जन्मजात असतं आणि ते याच कुळातल्या एस्टरांना तोडतं. एका सशात पातळी चांगली आणि शेजारच्या सशात जवळपास शून्य आली, तर सूत्र बदलण्याआधी ससा तपासा. दुसरा खड्डा म्हणजे उंदरांना उलटी होतच नाही. त्यांच्यात चिकणमाती खाण्यासारखी अप्रत्यक्ष लक्षणं मोजावी लागतात. उलटी करणारा लहान प्राणी हवा असेल तर तो आपल्या घराशेजारी फिरतो: चिचुंद्री. जपानी संशोधकांनी १९८८ मध्ये दाखवलं की तिला पुढे-मागे हलवलं की उलटी होते. ४० मिलिमीटर अंतर, सेकंदाला एक आवर्तन, ही त्यातली नेहमीची मांडणी. कुठलाही प्राणी वापरण्याआधी संस्थेच्या प्राणी-नैतिक समितीची मंजुरी लागते.

पायरी ८: माणसांवर

रक्तातली पातळी पिकोग्रॅममध्ये असते. १९९६च्या अभ्यासात नाकातून दिल्यावरची सर्वोच्च पातळी दर मिलिलिटरला सुमारे १६८० पिकोग्रॅम होती आणि ती झपाट्याने उतरते. साध्या एचपीएलसीवर इथे काहीच दिसणार नाही. त्याहून संवेदनशील एलसी-एमएस-एमएस यंत्र आणि तुलनेसाठी नमुन्यात घालायचं, ड्युटेरियम लावलेलं अंतर्गत प्रमाण हवं. पहिल्या तासात नमुने दाट घ्या: ५, १०, १५, २०, ३०, ४५ आणि ६० मिनिटं. दर अर्ध्या तासाने घेतले तर शिखर निसटतं, आणि लवकर परिणाम हाच ज्या उत्पादनाचा गुण, तोच गुण तुम्हाला सिद्ध करता येत नाही.

परिणामकारकतेसाठी फिरती खुर्ची वापरतात. माणूस डोळे झाकून फिरत असताना ठरलेल्या दिशांनी डोकं वाकवतो आणि लक्षणांना गुण दिले जातात. समुद्रावरची चाचणी जास्त खरी, पण लाटा तुमच्या हातात नसतात. सेकंदाला ०.२ आवर्तनांच्या आसपासची उभी हालचाल सर्वांत जास्त मळमळ आणते, आणि त्या दिवशी समुद्र शांत असेल तर प्लासिबो, म्हणजे औषध नसलेला फवारा, घेतलेलेही मजेत परत येतात. सहभागी निवडताना ज्यांना खरंच लागतं असेच घ्या. त्यासाठी प्रमाणित प्रश्नावल्या आहेत.

अंधता, म्हणजे कुणाला औषध आणि कुणाला प्लासिबो हे लपवून ठेवणं, सांभाळणं कठीण जातं. खऱ्या औषधाने तोंड कोरडं पडतं आणि घशात कडवट चव उतरते. प्लासिबोला निदान तशी चव द्या, आणि शेवटी प्रत्येकाला 'तुम्हाला काय मिळालं असं वाटतं' हे विचारून नोंद ठेवा.

तोंडाची कोरड, सुस्ती, जवळचं अंधुक दिसणं, लघवी अडणं आणि नाडीचा वेग, हे सगळं ठरलेल्या वेळी मोजा. काचबिंदूचे आणि लघवी तुंबण्याचा त्रास असलेले लोक चाचणीत नकोत. सर्दी झालेल्या नाकात आणि नाक मोकळं करणारी ऑक्सिमेटाझोलिनसारखी औषधं घेतलेल्या नाकात शोषण कसं बदलतं, हा प्रश्न नियामक विचारणारच. तो अभ्यास शेवटासाठी राखून ठेवू नका.

वापराच्या सूचनाही याच टप्प्यावर घासूनपुसून घ्या. नाक हलकेच शिंकरावं, डोकं किंचित पुढे, टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे न धरता त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या रोखाने, एकदा पूर्ण दाबावं, श्वास अलगद घ्यावा. जोरात हुंगलं की औषध थेट घशात जातं. फवारल्यावर हात धुवावेत.

पायरी ९: परवानग्या

औषध जुनं असलं तरी देण्याचा मार्ग नवा असला, की २०१९च्या नवीन औषधे आणि चिकित्सालयीन चाचण्या नियमांनुसार ते भारतात 'नवीन औषध' ठरतं. चाचणीसाठी सीडीएससीओकडे, म्हणजे केंद्रीय औषध-नियामक संस्थेकडे, फॉर्म सीटी-०४ने अर्ज जातो आणि परवानगी सीटी-०६मध्ये मिळते. चाचणीपुरतं उत्पादन करण्याची परवानगी वेगळी असते, तीही वेळेत हाताळा. नैतिक समितीची मंजुरी आणि भारतीय चाचणी-नोंदणी, म्हणजे सीटीआरआयवरची नोंद, पहिला सहभागी घेण्यापूर्वी झालेली असावी. अर्जात पंपाचा प्रकार, त्याच्या वॉशर-स्प्रिंगचं साहित्य आणि त्यातून द्रावणात उतरणाऱ्या द्रव्यांची माहिती मागितली जाते. पंप बनवणाऱ्याकडून ही कागदपत्रं यायला वेळ लागतो, म्हणून ती पहिला नमुना मागवतानाच मागा. आणि चाचणी सुरू झाल्यावर पंप बदलू नका. नुसतं टोक बदललं तरी थेंबांचा आकार, ठसा आणि मात्रेची एकसमानता पुन्हा पहिल्यापासून मोजून द्यावी लागते.